घशात काही नाही

माझ्या आईचा आवाज गेला, त्या आठवड्यात मी वर्गात नेमका तोच धडा शिकवत होते. योगायोगाला जरा लाजबीज असती तर त्यानं दुसरा आठवडा निवडला असता. मी शहापूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाला मनाच्या आजारांचा पेपर असतो आणि त्यात हा धडा येतो. तपासणीत शरीरात काही बिघाड सापडत नाही, आणि तरी हात उचलत नाही, डोळ्यांना दिसत नाही, फिट येतात, वाचा बसते. त्याच्याच शेजारी दुसरा प्रकार, माणूस स्वतःपासूनच सुटतो, केलेलं त्याला आठवत नाही, कधी आपण कोण हेही आठवत नाही. मराठी पुस्तकात या विकृतींना अशी नावं दिली आहेत की ती मोठ्यानं वाचताना मीसुद्धा अडखळते.

हा धडा आला की वर्ग जागा होतो. डोळखांबकडून, किन्हवलीकडून, पाड्यांवरून येणारी मुलं माझी. प्रत्येकाच्या घरी एक मावशी किंवा आत्या असतेच, जिच्या अंगात येतं किंवा जिची दातखीळ बसते. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हंजे ही लोकं नाटक करतात?" माझं डोकंच फिरलं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नाटक नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या. नाटक करणाऱ्याला ठाऊक असतं आपण नाटक करतोय. याला ठाऊक नसतं. त्याचं दुखणं खरं असतं, फक्त ते जिथं दिसतं तिथं त्याचं मूळ नसतं. फार छान समजावलं मी. मुलांनी लिहून घेतलं.

घरी आले तर आई ओटीवर बसलेली. मी गाडी लावत म्हटलं, "चहा ठेवलास?" तिनं तोंड उघडलं आणि आतून नुसता वारा आला. कुजबुजल्यासारखं, तेही जवळ गेलं तरच कळेल असं. मला वाटलं थट्टा करतेय, कारण माझी आई थट्टेखोर बाई. मग तिनं गळ्याला हात लावला आणि डोळे मोठे केले, तेव्हा कळलं की ही थट्टा नाही.

माझी आई धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बाजूच्या शेतकरी घरांत लग्नाचे सगळे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. मांडव घालायचा, घाणा भरायचा, हळद लावायची, प्रत्येक वेळेला तिचे धवले हवेत. भटजी उशिरा आला तर लोक खांब्याला टेकून बसतात, धवलारीण उशिरा आली तर मांडवात कुणाला काही सुचत नाही. ती आधी देवांना हाका मारते, गावदेवी, कुळदैवत, डोंगरावरचा देव, वाघाचा देव. मग घरच्या गेलेल्या माणसांना बोलावते. आणि मग नवरीचं नाव घेऊन, तिच्या आईबापाचं, मामाचं, आत्याचं नाव घेऊन ती हळद त्या नावावर चढवते. म्हणून धवला म्हणजे नुसतं गाणं नव्हे. त्याच्या आत माणसांची नावं असतात आणि ती नावं त्याच लग्नाची असतात. आईचा आवाज असा खणखणीत की शेजारच्या पाड्यावरच्या बायका म्हणायच्या, तुज्या धवल्यांवर आमीबी इकडं हळद वाटतो.

वडील गेल्यावर या आवाजावरच तिला गावात पाटावर बसवून घ्यायचा मान होता. आम्ही दोघी बहिणी. माझं लग्न झालं नाही, मी केलं नाही म्हणा, ती कथा निराळी आहे आणि आई ती कुणालाही सांगायला तयार असते. असायची. "हिचं धवलं गायचं राहिलं बघ," असं ती चारचौघांत म्हणायची आणि मी तिच्यावर डोळे वटारायची.

धाकटीचं मात्र झालं. मुरबाड तालुक्यात दिली तिला, चांगलं घर. आता आमच्याकडे असं म्हणतात की सख्ख्या आईनं लेकीच्या लग्नात धवले गाऊ नयेत, दुसऱ्या गावची धवलारीण बोलवावी. का, ते कुणी सांगत नाही. आईनं ते उडवून लावलं. "मी गावभरच्या पोरींना हळद चढवते, आन् माझ्या पोरीला दुसरी कोण येऊन चढवील? आन् ती बेसूर गायली तर?" ती गायली. तसं गाणं मी तरी पुन्हा ऐकलं नाही. मामा, आईचा धाकटा भाऊ, सबंध वेळ मोबाइल धरून उभा होता रेकॉर्ड करत, आणि रडत होता.

धाकटी पहिल्या बाळंतपणात गेली. रक्त थांबलं नाही. दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच. बाळही गेलं.

तेराव्याला भांडी घासताना एक बाई दुसरीला म्हणाली, आईनंच गायलेलं ना तिचं? असं गातात का कधी? हळू म्हणाली, पण आई तिच्यामागे पाण्याची कळशी घेऊन उभी होती. मी बघितलं होतं तिला. तिनं कळशी ठेवली, पदर खोचला आणि घासलेली भांडी धुवायला लागली. त्यावर ती माझ्याशी किंवा कुणाशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतर दोनेक हंगाम ती लग्नं गातही होती. मला वाटलं, सावरली. खरंच वाटलं मला तसं, आणि या विषयात माझी डिग्री आहे.

मग मामाच्या मुलीचं ठरलं. मामाला एकुलती एक मुलगी. तिच्या लहानपणी मामी आजारी असायची म्हणून ती आमच्याच ओटीवर वाढली, धाकटीबरोबर एका ताटात जेवून. धवलारणीला बोलवायची रीत असते, नारळ आणि मूठभर तांदूळ तिच्या पदरात घालायचे. तिनं पदर पुढे केला की शब्द दिला. त्यानंतर ती मागे फिरली तर तो त्या घराचा अपमान. मामा आला, नारळ आणला. "ताय, तुझ्याबिगर माझ्या पोरीला हळद नाय." आईनं पदर पुढे केला. चहा झाला, हसणंबोलणं झालं. स्थळही मुरबाडकडचंच निघालं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आईचा आवाज नव्हता.

आठवडाभर ज्येष्ठमध, हळदीचं दूध, वाफारा, शेजारणीनं आणलेला अंगारा, सगळं झालं. मग मामाच आपली गाडी घेऊन आला आणि आम्ही कल्याणला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर सज्जन होते. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी आतला पडदा टीव्हीवर दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या, स्वरतंतू. "बघा, छान आहेत," म्हणाले, "सूज नाही, गाठ नाही. आजी, जरा खोका बघू." आई खोकली. चांगली खणखणीत खोकली. डॉक्टर माझ्याकडे बघून किंचित हसले, आणि ते का हसले मला पुस्तकातून ठाऊक होतं. खोकल्याला आवाज आहे आणि बोलायला नाही, ही त्या आजाराची खूणच.

"घशात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "ताण असेल. मानसोपचारवाल्यांना दाखवा."

मामानं यातले पहिले तीन शब्द धरले आणि बाकीचं सोडलं. काही नाही. म्हणजे काही नाही. आसनगावला त्यानं आरसा आईकडे वळवला. मग गाडी चालवतच म्हणाला, "ताय, तुला गायचा नसंल तर तसा सांग. पदर कशाला पुढं केलास?"

आई मागच्या सीटवर. तिनं आरशात त्याच्याकडे बघत मान हलवली, नाही नाही, आणि तोंड उघडझाक करत राहिली. मी म्हटलं, "मामा, ती मुद्दाम नाही करत रे."

"खोकली ती. मी ऐकला."

"खोकला निराळा असतो."

"घसा येकच ना?"

आता या माणसाला काय सांगायचं? मी सगळं सांगितलं. आसनगाव ते किन्हवली फाटा मी अख्खं लेक्चर दिलं. मन असतं, मनाला जे सहन होत नाही ते शरीर उचलतं, माणसाला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. मामानं सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी विचारलं, "म्हंजे तिच्या मनातच नाय गायचा, असाच ना?" वाक्य बघा. माझंच वाक्य घेऊन त्यानं उलटं माझ्या हातात दिलं. आणि त्याला खोटं तरी कसं म्हणू? मी मागे वळून बघितलं तर आई माझ्याकडे असं बघत होती, जशी काही मीही त्याच्या बाजूला जाऊन बसले होते.

तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या, पण कुणावर काढू? मामावर? त्याला बहिणीनं झिडकारल्यासारखं वाटत होतं. भर भावकीत तो सांगून बसला होता की माझी ताय गाणार. भावकी म्हणायला लागली, स्वतःची लेक गेली, आता भावाच्या पोरीचं बघवत नाय तिला. हे मामाच्या कानावर घालणारे लोक होतेच. आईच्या कानावर घालणारेही होते. एक बाई तर पाठीमागून येऊन एकदम दचकवून गेली, ओरडते का बघायला. मी तिला दारातूनच हाकललं, जे तोंडाला येईल ते बोलले. माझं तोंड चालतं ना, कुणाच्या उपयोगी पडत नाही एवढंच.

मानसोपचाराचं नाव काढलं की आई ओठांवर बोट ठेवायची आणि वाऱ्यासारखं म्हणायची, "मी येडी नाय." एकदा ओढून ठाण्याला नेलंच. तिथली समुपदेशक मुलगी फार चांगली होती, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. तिनं हळूहळू विचारलं, आजी, काही मनाला लागलंय का? कुणाची आठवण येते का? आई सगळ्याला छान हसली. "मला काय दुख नाय बाय," ती कुजबुजली, "पोरगी चांगली हाय, नोकरीला हाय." मुलगी म्हणाली, घाई नको, पुन्हा या. पुन्हा आई घरातून हललीच नाही. आणि मला एकटीला माहीत होतं काय लागलंय. निदान मला तसं वाटत होतं. मी एकदा तिच्याजवळ बसून म्हटलं, "आई, त्या बाईनं भांडी घासताना जे म्हटलं ते खोटं होतं." ती उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

हळदीच्या दिवशी आम्ही गेलो. जाऊ नये असं मला वाटत होतं, पण आई सकाळीच नऊवारी नेसली होती. तिचं माहेर ते. मामा समोर आला नाही. मामी आली, तिनं आईला बायकांमध्ये पाटावर नेऊन बसवलं. दुसरी धवलारीण आणली असेल असं मला वाटलं होतं. मामानं आणली नव्हती. त्यानं स्पीकरवाल्याला आपला मोबाइल जोडून दिला होता. "माझ्या तायचाच आवाज लागंल," असं तो सगळ्यांना सांगत फिरत होता, अभिमानानं म्हणत होता की रागानं ते त्याला तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

नवरी पाटावर बसली. हळदीची वाटी पुढे आली. आणि स्पीकरमधून आईचा आवाज आला.

काय सांगू. सगळा मांडव गप्प झाला. इतक्या दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते, आणि ज्या गळ्यातून तो निघाला होता तो माझ्याशेजारी बसून घाम पुसत होता. गावदेवी आली, कुळदैवत आलं, डोंगराचा देव आला. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मामी पुढे झाली, तिनं हळदीत बोटं बुडवली आणि नवरीच्या गालाला लावली. आणि नेमकं तेव्हा स्पीकरमधल्या आईनं नवरीचं नाव घेतलं. माझ्या बहिणीचं नाव.

मामाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. अहो, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गाणं म्हणून लावलं त्यांनी ते, जशी बाकीची गाणी लावतात. जन्म गेला धवले ऐकण्यात आणि एकालाही आठवलं नाही की त्याच्या आत नाव असतं, आणि या रेकॉर्डमध्ये कुणाचं असेल. हळद चढत होती मामाच्या लेकीला आणि नाव चाललं होतं मेलेल्या पोरीचं.

"बंद करा!" आई ओरडली. "बंद करा ते! पुसा तिची हळद! पुसा आधी!"

पूर्ण आवाज. खणखणीत. ती उभी राहिली होती आणि आपल्या पदरानं नवरीचे गाल खसाखसा पुसत होती. कुणीतरी स्पीकर बंद केला. मग जी शांतता झाली त्यात मी एक क्षण, अगदी एक क्षण, खूश झाले. आला, आवाज आला. असं होतं कधीकधी, मोठ्या धक्क्यानं परत येतो. पुस्तकात आहे.

मामा गर्दीतून पुढे आला. चेहरा पांढरा पडला होता. "आली ना वाचा?" तो म्हणाला. "बघा सगळ्यांनी. आली ना?"

"मामा, अरे तसं नसतं ते—"

"तू गप. तू तुझ्या कालेजात सांग. ताय, माझ्या पोरीची हळद पुसलीस तू? सगळ्यांच्या म्होरं पुसलीस? बोलाला येत हुता, आन् येवढे दिवस माझ्याशी वारा सोडत हुतीस?"

आई बोलायला गेली. तिला सांगायचं होतं, सगळं सांगायचं होतं तिला, चेहऱ्यावर दिसत होतं. तोंड उघडलं आणि पुन्हा तेच. वारा. ती गळा दाबत होती, छातीवर मूठ मारत होती, आणि जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकीच्याही चेहऱ्यावर दया नव्हती. आत्ता तर बोलली. आम्ही आमच्या कानांनी ऐकलं. मी ओरडून सांगत होते की खरं आहे हिचं, हिच्या हातात नाही ते. मी घसा फोडून ओरडले. वर्गात मला फळा असतो, तिथं काही नव्हतं. कुणीतरी माझ्या दंडाला धरून म्हणालं, मॅडम, घरी घेऊन जावा आईला.

ती काय ओरडली, हे कुणी ऐकलंच नाही. ती ओरडली एवढंच ऐकलं.

लग्न झालं. मामानं निरोप पाठवला की आजपासून या घराला बहीण नाही. त्या भाऊबिजेला आईनं ताट केलं, रांगोळी काढली, नवी साडी नेसली आणि दाराकडे तोंड करून बसून राहिली. दिवेलागणीला तिनं ताट आत नेलं. थोड्या वेळानं मला स्वयंपाकघरातून रडणं ऐकू आलं. रडण्याला आवाज होता. मी दारात जाऊन उभी राहिले आणि मला पहिल्यांदा मामासारखा राग आला तिचा. रडायला येतं तर बोलायला का येत नाही तुला? हा राग मला यावा? फळ्यावर रेघा मारणारीला? पण आला, खोटं कशाला बोलू.

मामाची मुलगी बापाला न सांगता मला फोन करायची. गुणी पोर. ती म्हणायची, आत्याला दे. आई फोन कानाला लावून ऐकत बसायची, पलीकडे ती एकटीच बोलायची. सासूबाई बऱ्या आहेत, भात बरा झालाय, म्हैस व्याली. मग म्हणायची, "बोल ना आत्या." आई फोनवर हात फिरवायची आणि मला परत द्यायची. मग एक दिवस त्या पोरीला दिवस गेल्याचं कळलं. तेव्हापासून आई रोज मला फोन लावायला लावायची. "बरी हाय का विचार. रक्त बघितला का विचार. दवाखाना लांब हाय का विचार." तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. पण माझं कारण वेगळं होतं.

मी एक हिशेब मांडला होता. आईला भीती वाटते की तिच्या आवाजानं पोरी मरतात. ती तोंडानं म्हणणार नाही, तिला स्वतःलाही धड माहीत नसेल, पण भीती तीच. मग ही पोर सुखरूप सुटली की भीती जाईल. भीती गेली की आवाजाला अडवायला काही उरणार नाही. मी हे स्वतःला रोज सांगत होते. रात्रंदिवस तीच एक आशा धरून होते, डॉक्टर नको, ठाण्याची समुपदेशक नको, फक्त ही पोर नीट बाळंत होऊ दे. मी, जी देवळात चप्पल काढायला लागते म्हणून बाहेर उभी राहते, ती गावदेवीला नारळ बोलून आले.

फोन आला तो मामाचा. एवढ्या काळानंतर पहिल्यांदा त्याचं नाव मोबाइलवर दिसलं. मी स्पीकर लावला.

"झाली गो!" तो रडत हसत होता. "मुलगी झाली. दोघी खुशाल हायत. टाका पण नाय पडला. ताय कुठं हाय? तायला दे."

जिवात जीव आला म्हणतात तो काय असतो ते कळलं. आई धावत आली, ओल्या हातांनी, तिनं फोन दोन्ही हातांत धरला.

"ताय," मामा म्हणाला, "ऐकतेस ना? मी चुकलो. पोरीनं मला समदा सांगितला, स्पीकरमधी कुणाचा नाव आला, तू हळद का पुसलीस ते. माझ्या ध्यानात नाय आला गो तेव्हा, मी तुला काय काय बोललो. आता विसर. बारशाला तू पाहिजेस. पाळणा तूच म्हणायचास, दुसरा कोण नाय. येशील ना? येक डाव बोल माझ्याशी."

मी आईकडे बघत होते. सगळं परत आलं होतं, भाऊ, माहेर, मान. पोर जगली होती. आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. तसं हसताना मी तिला धाकटी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आता बोलेल.

तिनं फोन छातीशी दाबला, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मला जवळ बोलावलं. मी कान पुढे केला.

"बघितलास?" ती कुजबुजली. "नाय गायली मी. म्हणून जगली."

मला काही कळेना क्षणभर, आणि मग सगळं एकदम कळलं. "आई, अगं नाही," मी म्हटलं. "दवाखाना जवळ होता, डॉक्टर होते, रक्त तयार ठेवलं होतं. तू गायली असतीस तरी जगली असती."

"आन् नसती जगली तर?"

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, लहान मुलीची समजूत काढावी तसा. तिला माझी कीव येत होती, शिकूनसवरून मला एवढंही कळत नाही म्हणून.

"आता तर तिला पोरगी झालीय," ती म्हणाली. "आता अजिबात नाय."

मोबाइल तिच्या छातीशी तसाच चालू होता. पदराच्या आतून मामाचा आवाज येत होता, "ताय? हॅलो? बोल ना गो. नुसता माझा नाव घे."